दोन सिम, एक फोन

२०२५ चा जून. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडच्या मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवता येत नव्हता. मी गेली सहा वर्षं इथल्या कारागिरांवर लिहिते, व्हिडिओ करते. माझे जुने व्हिडिओ लोकांनी शोधून शोधून पुढे पाठवले. कापशी हा चपलेचा प्रकार कशाला म्हणतात, कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा का लागतो, चप्पल लाईनमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, खरी वस्तू ओळखायची कशी, असे प्रश्न येत होते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांचं आहे, हे तर मी किती जणांना लिहिलं असेल याची गणती नाही. आपल्या मातीतल्या वस्तूबद्दल एवढे लोक एकदम विचारतायत, याचा आनंद खरा होता. मी रात्री एकेकपर्यंत उत्तरं देत बसायचे.

पण माझ्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी माझा घरचा नंबर होता. कॉलेजपासून तोच. त्याच नंबरवर आई, बहीण, मुलीच्या शाळेचा ग्रुप, गॅसवाला आणि आता अख्खा महाराष्ट्र.

गुरुवारी रात्री पावणेअकराला मी व्हॉट्सॲप खाली सरकवत होते. वर "साईज ८ मिळेल का?", खाली "होलसेलचा रेट सांगा", आणि मध्ये बहिणीचा मेसेज: "आईचं बीपी लई वाढलंय. दवाखान्यात नेतोय. फोन उचल." वेळ ८ वाजून १० मिनिटं. सारखा वाजतो म्हणून फोन मी दुपारीच सायलेंटवर टाकला होता. पावसात गाडी काढून गारगोटी गाठेपर्यंत मध्यरात्र झाली. आई झोपली होती, गोळी लागू पडली होती. बहीण मला काहीच बोलली नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी राजारामपुरीत जाऊन दुसरं सिम घेतलं आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केलं. एकाच फोनमध्ये दोन्ही ॲप चालतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. संध्याकाळी सातनंतर कुणी लिहिलं तर "उद्या सकाळी दहानंतर उत्तर देते" असा निरोप आपोआप जातो. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून ठेवली. तिरकी रेघ देऊन एक शब्द टाकला की अख्खं उत्तर येतं. चौकशी, कारागीर, पैसे येणे बाकी अशी लेबलं लावली. दोन्ही नंबरांना सहा आकडी पिनचं कुलूप घातलं. एवढं सगळं एका दुपारीत झालं.

खरा त्रास जुन्या व्हिडिओंनी दिला. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या रीलखालचा मजकूर बदलता येतो, पण चित्रात छापला गेलेला नंबर पुसता येत नाही. माझे असे ४३ व्हिडिओ निघाले. काढून टाकायला जीव होईना, कारण त्यांखाली लोकांनी आपल्या आजोबांच्या आठवणी लिहिल्या होत्या. शेवटी ते सगळे अर्काइव्हमध्ये टाकले, म्हणजे लोकांना दिसत नाहीत पण कमेंट्ससकट माझ्याकडे राहतात. मग शेवटची पाच सेकंदं कापून एकेक नव्याने चढवला. गणपतीपर्यंत ते काम पुरलं. नव्या व्हिडिओला पूर्वीइतके बघणारे मिळाले नाहीत. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

घरच्यांसाठी वेगळं खाजगी अकाउंट काढलं, मोजून ६१ माणसं. मुलीचे फोटो कामाच्या पानावरून उतरवले. ती नऊ वर्षांची आहे. उतरवताना शेजारी बसून म्हणाली, "रंकाळ्यावरचा राहू दे, त्यात मी चांगली दिसतेय." तो राहिला. तिला आधी कधी विचारलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

त्यावरूनच सुभाषनगरच्या मामी आठवल्या. मामी चप्पलेच्या पट्ट्यावरची वेणी विणतात. कातड्याच्या बारीक पट्ट्या आधी ओल्या करायच्या, मग एकीखालून दुसरी ओढत न्यायची. अंगठ्याच्या नखाने प्रत्येक पेड दाबून बसवायचा, नाहीतर वाळल्यावर वेणी सैल पडते. तीस वर्षांत ते नख एका बाजूने झिजून सपाट झालंय. मी दोन वर्षांपूर्वी त्यांचा व्हिडिओ टाकला होता, चेहऱ्यासकट, "काढू का?" एवढंच विचारून. कुठे जाणार, कोण बघणार, हे सांगितलं नव्हतं. या वेळी जाऊन सगळं समजावून सांगितलं, फोनवर दाखवलं. मामींनी नीट बघितलं. म्हणाल्या, "ताई, त्वांड नगं. हात दाव. काम हातानं हुतंय." जुना व्हिडिओ उतरवला आणि फक्त हातांचा नवीन काढला. माझ्या मते तो माझा सगळ्यात चांगला व्हिडिओ आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. फुकट थाळी किंवा पैसे घेऊन लिहिलं तर तसं स्पष्ट दिसेल असं लिहायचं, हे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१ मध्येच सांगितलंय. मी "सशुल्क भागीदारी" लिहिते. एका हॉटेलवाल्यांनी ते शब्द काढायला सांगितले, मी काम सोडलं.

पावसाळ्यात मात्र माझी घरची आणि कामाची ही दोन्ही दारं एक होतात. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी ओलांडते, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ चा महापूर बघितल्यामुळे त्या दिवसांत आलेला जुना फोटो किंवा "धरण फुटलं" असला निरोप मी कुठेच पुढे ढकलत नाही. जिल्हा प्रशासनाचा ताजा आकडा आला की वेळेसकट तेवढाच टाकते, घरच्या ग्रुपवरही आणि कामाच्या पानावरही. त्या काळात रात्रीचा आपोआप जाणारा निरोपही बंद ठेवते.

जुन्या नंबरवर अजून एखादा मेसेज येतोच, कुठल्या तरी ग्रुपवर फिरत राहिलेल्या व्हिडिओवरून. परवा तर मामींनीच फोन केला. हातांचा तो व्हिडिओ इचलकरंजीला लेकीकडे पाठवायचा होता, त्यांना जमेना. लेकीचा नंबर घेतला आणि मी पाठवला. सेव्ह करताना क्षणभर थांबले, मग दोघींचे नंबर घरच्या सिमवर घेतले.