काच तडकली तर?

कोकणातल्या एका सिनेगॉगसाठी, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळासाठी, रंगीत काचेची खिडकी केली. बेने इस्राएलांची, म्हणजे इथल्या यहुद्यांची, गावात मोजकीच घरं उरली आहेत. खर्च उचलला तो इथून इस्राएलला गेलेल्या एका कुटुंबाने.

तोरा हा धर्मग्रंथ ज्या कपाटात ठेवतात, त्या हेखालच्या वर ही खिडकी. आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून हेखालही पश्चिमेच्या भिंतीत. सकाळच्या प्रार्थनेला काच मंद, आणि शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायच्या सुमाराला मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. आर्किटेक्टने मागे दिवा बसवायचं सुचवलं. शब्बाथला बटण दाबत नाहीत, हे त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. नकाशे देखणे काढणारी माणसं जागेवर एक संध्याकाळ का बसत नाहीत? सूर्य उतरतो तसा तो खिडकीच्या खालच्या भागात येतो, म्हणून तिथे मी गडद निळी-जांभळी काच घेतली.

विषय होता एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, अशी या समाजाची श्रद्धा. माणसाचं चित्र नको, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. चित्रकार शागालने १९६२ साली जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातल्या सिनेगॉगला इस्राएलच्या बारा वंशांच्या बारा खिडक्या दिल्या, त्यांतही माणूस नाही. मी काळा कातळ घेतला, त्यावर चाकाची खूण, वर ज्वाळा. ज्वाळांचा पिवळा चांदीच्या क्षाराचा: लेप काचेच्या मागच्या अंगाला लावायचा नि भट्टीत भाजायचा. आच जरा चढली की सोनेरीचा तपकिरी होतो. हा रंग हाताला बसायला वर्षं जातात. प्लास्टिकची फिल्म चिकटवून तिला स्टेन्ड ग्लास म्हणणाऱ्यांना ते कधी कळणार नाही.

सगळ्यात वरच्या पट्टीत देणगीदारांना स्तोत्रातली ओळ हवी होती, देवाच्या चार अक्षरी नावासकट. मी कार्टून, म्हणजे खिडकीच्या पूर्ण मापाचा आराखडा, जमिनीवर अंथरलं. प्रार्थना चालवणारे हझानकाका बराच वेळ वाकून बघत होते.

"ताई, भट्टीत काच तडकते का?"

"तडकते, काका. रंग पक्का व्हायला साडेसहाशे अंशांच्या आसपास न्यावी लागते. निवताना घाई झाली की गेली."

"मग हे नाव असलेले तुकडे टाकणार कुठे? ते कचऱ्यात जात नाहीत. जीर्ण पोथ्यांसारखे जमिनीत पुरावे लागतात."

पुरू, म्हटलं मी. ते सरळ उभे राहिले. "आणि आम्ही कुणी इथे नसताना फुटली तर?"

शिशाच्या पट्ट्या शे-सव्वाशे वर्षांत थकतात, लुकण त्याआधीच सुटतं. कुणीतरी ही खिडकी उतरवणारच. त्याला हे कोण सांगणार?

पट्टी कोरी सोनेरी ठेवली. देणगीदार सुट्टीत येऊन बघून गेले. चाकाची खूण त्यांना आवडली, पण अक्षरांवाचून हे यहुदी प्रार्थनास्थळ वाटत नाही म्हणाले. तुकडे पुरण्याचं कारण मी सांगितलं, ते त्यांना फारसं पटलं नाही. काकांचा दुसरा प्रश्न मात्र, गाव सोडून गेलेल्या त्या माणसाला, मी सांगितला नाही. सांगायला हवा होता का, माझं अजून ठरत नाही.