ओढा कधी आटतो?

"सगळे कोरडे नको दाखवू रे, आमच्या वरच्या अंगाचा ओढा बंधारे झाल्यापासून मे महिन्यातपण थोडा वाहतो." आज दुपारी माणमधल्या मित्राचा हा मेसेज आला आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोकळ्या नकाशाची माण तालुक्याची एक्सएमएल फाईल (नकाशाची माहिती मजकुराच्या रूपात) घेऊन बसलो होतो. पायथॉनमध्ये आयटरपार्स हे फंक्शन वापरलं आणि वाचून झालेला एलिमेंट मेमरीतून काढत गेलं, की फाईल एकदम मेमरीत न घेता एकेक एलिमेंट वाचता येतो, मग वॉटरवे=स्ट्रीम (म्हणजे ओढा) असा टॅग असलेले सगळे वे, म्हणजे नकाशातल्या रेषा, शोधायचे आणि ज्यांना इंटरमिटंट (म्हणजे काही काळ कोरडा पडणारा) टॅग नाही त्यांना तो येस करून जोडायचा, थोड्याच ओळींचं काम. दुष्काळी तालुका, ओढे आटणारच ना. पण असे घाऊक बदल कम्युनिटीशी आधी बोलल्याशिवाय अपलोड करायचे नसतात, आणि हा नियम मला मनापासून पटतो, म्हणून यादी आधी त्या मित्राला पाठवली.

त्या फाईलमध्ये ओढा म्हणजे नुसती नोडच्या, म्हणजे नकाशावरच्या बिंदूंच्या, आयडींची रांग. वेला स्वतःचे अक्षांश-रेखांशही नसतात, ते नोडकडे असतात. पाणी किती महिने टिकतं हे मात्र तिथं रोज गुरं नेणाऱ्यालाच ठाऊक.

आता स्क्रिप्ट फाईलमध्ये काहीच लिहीत नाही, फक्त ओढ्याचा आयडी आणि जवळचं गाव काढून देते, टॅग विचारून विचारून हाताने भरणार. वेळ लागेल, लागू दे.

माण-खटावकडचं कोणी आहे का इथं? तुमच्या गावचा ओढा साधारण कुठल्या महिन्यात आटतो, सांगाल?