झाकण मिटलं तरी जागाच

आठवडाभर माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपने वात आणला होता. झाकण मिटावं तर पंखा घरघरत राहणार. तसाच बॅगेत टाकून कॉलेज रोडवरून घरी आलो की इस्त्रीसारखा तापलेला.

आज सुट्टी, म्हणून छडा लावायलाच बसलो. जो तो सांगतो, 'डीप' स्लीप, म्हणजे मशीनची गाढ झोप, चालू कर. अहो, बऱ्याच नव्या मशीनमध्ये ती सोयच नसते, नुसतं एस२आयडल, म्हणजे हलकी डुलकी! मग जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी (लॉग) दाखवणारी कमांड, उघडलं. झोपण्याआधी लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, चालू असलेले सगळे प्रोग्राम गोठवतो. त्यासाठी २० सेकंद वाट बघतो. एखादा अडून बसला तर झोपच रद्द. लॉगमध्ये नेमकं तेच, आणि अडून बसणाऱ्याचं नावसुद्धा: फाइल मॅनेजर. घरच्या सर्व्हरचं फोल्डर एसएसएचएफएसने (दुसऱ्या मशीनचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्या मशीनला जोडणारं साधन) जोडलेलं, सर्व्हर बंद, आणि हा बिचारा उत्तराची वाट बघत ताटकळलेला.

एसएसएचएफएस बंद केलं, झाकण मिटलं. लगेच गप्प! आता झोपण्याआधी ते आपोआप बंद करणारी छोटी स्क्रिप्ट टाकलीय.

माऊस मात्र जरा हलला की मशीन अजून जागं होतंय. त्याचं वेकअप बंद करायचंय, पण ते उद्या. आधी मिसळ.