वरून पहिला पेपर

निवड समितीच्या फाइली माझ्याकडे सगळ्यात शेवटी येतात, त्याही बैठकीच्या आदल्या दिवशी. मी वैद्यकीय ग्रंथालयात काम करते. पुस्तकांची देवघेव आता नावालाच उरली आहे. दिवसाचा मोठा भाग जातो तो लोकांचे शोधनिबंध, म्हणजे पेपर, मोजण्यात: कुणाचे किती, कुठल्या जर्नलमध्ये, सायटेशन (इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ) किती, त्यांवरून निघणारा एच-इंडेक्स किती. खाली माझी सही झाली की ते आकडे खरे धरले जातात. पहिल्या वर्षी सही करताना हात कापायचा, आता कापत नाही. कापायला हवा होता, असं त्या दिवशी वाटलं.

फाइल संसर्गजन्य आजारांवर काम करणाऱ्या एका मॅडमची होती. विभागप्रमुखपदासाठी अर्ज. सगळे रकाने नीट भरलेले, फक्त एच-इंडेक्सचा कोरा. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भरण्याआधी कृपया माझ्याशी बोला.'

हा रकाना कुणी कोरा ठेवत नाही. उलट लोक गुगल स्कॉलरवरचा आकडा ठळक अक्षरात लिहितात, कारण तो सहसा सगळ्यात मोठा असतो. मला वाटलं, मॅडमना आकडा वाढवून हवा असेल. मनात थोडी अढी धरूनच मी कामाला लागले. बोलू सावकाश, आधी आपण मोजू.

सायटेशन मोजणारी संकेतस्थळं तीन: गुगल स्कॉलर 26 म्हणत होतं, स्कोपस 17 आणि वेब ऑफ सायन्स 15. नवख्या माणसाला यात घोटाळा दिसतो, पण तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीचे मसुदे), कुठल्या कुठल्या पीडीएफ असं सगळं गोळा करतं. वेब ऑफ सायन्स जर्नलं निवडून घेतं. जितकं जाळं मोठं तितके मासे जास्त, आणि त्यात जुनी चप्पलही येते. आमची समिती स्कोपस धरते, म्हणून मी स्कोपस उघडलं.

तिथे मॅडम दोन निघाल्या. एक लग्नाआधीच्या आडनावाची, एक नंतरच्या. पहिलीच्या खात्यात नऊ पेपर, दुसरीच्या खात्यात बाकीचे, आणि ही एकच बाई आहे हे यंत्राला ठाऊक नाही. बायकांच्या फाइलीत मी हे हमखास बघते. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा आकडी क्रमांक 2012 मध्ये आला तो नेमका यासाठी, पण त्याआधीचे पेपर कुणीतरी बसून जोडावे लागतात. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत लेखकांची पूर्ण नावं दिसतात तीही 2002 पासूनच्या नोंदींत. त्याआधी नुसतं आडनाव आणि आद्याक्षर.

दोन्ही खाती जोडली आणि यादी सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावली. एच-इंडेक्स मी अजून कागदावर काढते. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये हा आकडा सुचवला तेव्हा गणित सोपं ठेवलं होतं. यादीत वरून खाली यायचं. ज्या शेवटच्या पेपरला निदान त्याच्या क्रमांकाइतकी सायटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. विसाव्या पेपरला निदान वीस सायटेशन आहेत का? मॅडमच्या विसाव्याला 21 होती. एकविसाव्याला 20 होती, म्हणजे एक कमी. थांबायचं. एच-इंडेक्स 20.

पण यादीत दातांच्या मुळांवरचे चार पेपर होते. संसर्गजन्य आजारांवाल्या मॅडम रूट कॅनालकडे कधी वळल्या? वळल्या नव्हत्याच. तेच आडनाव, तेच आद्याक्षर, दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य. त्यातले दोन पहिल्या विसात होते. चारही काढले. आता एकोणिसाव्याला 20, विसाव्याला 19. आकडा 19 वर आला.

एक पेपर मात्र कुठेच सापडेना. मॅडमच्या यादीत 1995 चा एक होता, पबमेडवर त्यात त्यांचं नाव नाही. खोटा दावा म्हणून मी त्यावर खूण करणारच होते. मग आठवलं की 1984 ते 1995 या काळात पबमेडमागच्या मेडलाइन या सूचीत पहिली दहाच नावं घेत. मागच्या खोलीतून बांधीव खंड काढला, धूळ झटकली. पान उघडलं तर अकरावं नाव, अगदी शेवटचं, मॅडमचं. एमडी करतानाचं असणार. त्या पेपरला मोजकीच सायटेशन, आकडा काही हलला नाही. पण पानावर बोट ठेवून ते नाव वाचताना मघाची अढी थोडी सैल झाली.

मग मी त्यांना बोलावलं.

मॅडम आल्या, समोर बसल्या, यादीकडे बघितलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हा मोजलात?"

यादीतला सगळ्यात वरचा पेपर, 214 सायटेशन. मॅडम त्यातल्या दुसऱ्या लेखिका.

"हो. का?"

"तो आम्ही मागे घेतलाय."

मी शीर्षकावर क्लिक केलं. पबमेडच्या पानावर वरती ठळक सूचना होती की हा पेपर मागे घेतला आहे. यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतली की त्या सूचना येत नाहीत, नुसतं शीर्षक आणि आकडा येतो. इतकी वर्षं मी याद्या अशाच उतरवून घेत होते. किती फाइलींवर अशी सही केली असेल, हा विचार तेव्हा बाजूला सारला. रात्री तो परत आला.

झालं होतं ते असं. दोन रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून तो अभ्यास केला होता. काही रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवलेले, त्यामुळे ते दोन्ही वह्यांत होते आणि दोनदा मोजले गेले. पेपर छापून आल्यावर काही वर्षांनी मॅडमच्या एका विद्यार्थिनीला तीच माहिती पुन्हा तपासताना जन्मतारखा जुळताना दिसल्या. दुहेरी नोंदी काढल्या तर निष्कर्ष टिकेना. लबाडी कुणाचीच नव्हती. संपादकाला पत्र मॅडमनीच लिहिलं.

"पहिल्या लेखकांनी सही करायला चार महिने लावले," त्या म्हणाल्या. त्यावर पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मी सायटेशनची वर्षवार फोड काढली. पेपर मागे घेईपर्यंत 83. मागे घेतल्यानंतर 131.

"म्हणजे मागे घेतल्यावर जास्त," मी म्हटलं.

"मला आकडा ठाऊक नव्हता. वाढतायत एवढं माहीत होतं."

समितीला आकडा पाठवायला दोन तास होते. त्यातला एक आम्ही त्या 131 मधले वीसेक पेपर उघडण्यात घालवला. हे माझ्या कामात बसत नाही, पण मला बघायचं होतं. मागे घेतलेल्या पेपरबद्दल लोक 'हा चुकीचा ठरला' असं लिहीत असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. एकानं तसं लिहिलं होतं. बाकीच्यांच्या प्रस्तावनेत एखादं वाक्य, 'अनेक अभ्यासांतून असे दिसून आले आहे', आणि पुढे कंसात संदर्भ क्रमांक 14 ते 19. मॅडमचा पेपर सतरावा. सहा जणांच्या घोळक्यात उभा, कुणी तोंडाकडे न बघितलेला. दोन पेपरांत तर पानांच्या क्रमांकातली चूकही एकसारखी होती. एकानं दुसऱ्याच्या संदर्भयादीतून जसंच्या तसं उचललं होतं, मूळ पेपर उघडायची तसदी न घेता.

ही काही मॅडमचीच कहाणी नाही. लस आणि ऑटिझम यांची सांगड घालणारा 1998 चा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर 2010 मध्ये मागे घेतला, त्याचेही संदर्भ थांबले नाहीत. माणसाच्या संगणकात पीडीएफ आधीच उतरवलेली असते, आणि तिच्यावर मागाहून शिक्का कोण मारणार? संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर 2019 पासून अशा पेपरवर लाल पट्टी दाखवतं. ज्यांच्याकडे असलं काही नाही ते जुनीच पीडीएफ उघडत राहतात.

"हा काढून मोजा," मॅडम म्हणाल्या. "म्हणून रकाना कोरा ठेवला होता."

समितीच्या नियमात तसं कुठेही लिहिलेलं नाही. स्कोपस तो पेपर मोजतं, आणि नियम सांगतो की स्कोपसचा आकडा घ्या. मी तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पहिली ओळ खोडली आणि पुन्हा वरून खाली आले.

अठराव्या पेपरला 20 सायटेशन. एकोणिसाव्याला 19.

एच-इंडेक्स 19.

मी पुन्हा मोजलं. तेच. हे मला आधी सुचायला हवं होतं. एच-इंडेक्सला शिखराची उंची कळतच नाही. वरच्या पेपरला 214 असोत की 24, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. एक वरून गेला की खालचा एक पायरी चढतो, आणि मॅडमच्या यादीत चढायला बरोबर 19 सायटेशनवाला उभा होता. एकूण सायटेशन 1640 वरून 1426 वर आली, पण फॉर्ममध्ये एकूण सायटेशनचा रकानाच नाही.

मॅडम हसल्या. मला वाटतं सुटकेनं नव्हे. इतकी वर्षं जे ओझं वाटत होतं, त्यानं काटा जरासुद्धा हलला नाही, याचं ते हसू असावं.

"म्हणजे मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

"आकड्याला चाललं असतं."

फॉर्ममध्ये इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्याचा, मात्र रकाना आहे, तोही पेपरागणिक. जर्नलच्या सरासरीवरून माणूस जोखू नये असं संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात 2013 पासून छापलेलं आहे. स्फटिकशास्त्राच्या एका जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर एका पेपरपायी 2 वरून 2009 मध्ये जवळजवळ 50 वर गेला होता, ही गोष्ट मी समितीच्या दोन अध्यक्षांना ऐकवली आहे. दोघांनाही ती आवडली. रकाना आहे तिथेच आहे.

मागे घेतलेल्या पेपरच्या ओळीसमोर इम्पॅक्ट फॅक्टर लिहायचा का, यावर आम्ही थोडा वेळ अडलो. शेवटी मी तिथे आडवी रेघ मारली आणि तळाशी टीप लिहिली: 'हा शोधनिबंध लेखकांनी स्वतः मागे घेतला आहे. अर्जदाराच्या विनंतीवरून गणनेत धरलेला नाही.' 'अर्जदाराच्या विनंतीवरून' हे शब्द मॅडमना नको होते. मी ऐकलं नाही. फॉर्मवर सही माझी असते.

संध्याकाळी समितीच्या सचिवांचा फोन आला.

"त्या मॅडमचा आकडा किती?"

"एकोणीस. खाली टीप आहे, ती जरा..."

"एकोणीस. बरं." आणि पुढच्या फाइलीचं नाव विचारलं.

निघण्याआधी मी त्या पेपरवर स्कोपसचा अलर्ट लावून ठेवला. जुन्या फाइली मात्र त्या रात्रीपासून एकेक करून पुन्हा उघडते आहे. आतापर्यंत दोन सापडल्या. दोन्हीत मागे घेतलेला पेपर मोजलेला, दोन्हीवर माझी सही, आणि दोघांपैकी कुणाच्याच फॉर्मवर पेन्सिलीनं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना फोन कसा करायचा, हे अजून ठरलेलं नाही.

आठवड्याभरानं अलर्टचा मेल आला. 215. मी तो मॅडमना पुढे पाठवला. पाचच मिनिटांत उत्तर आलं: 'सकाळीच दिसला. लेखकांना पत्र पाठवलंय.'