शाळेतलं क्रेडिट मेडिकलला चालतं का?

भारतात बारावी, नीट आणि मग एमबीबीएस अशी सरळ वाट. इथे अमेरिकेत बहुतेक मुलं आधी चार वर्षांची पदवी घेतात, एमकॅट ही प्रवेश परीक्षा देतात आणि मग मेडिकल स्कूलला अर्ज करतात. पदवी इतिहासाचीही चालते, पण बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे विषय लॅबसकट झालेले लागतात. आता बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही मागतात.

माझ्या भाचीला शाळेतच एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, बायोलॉजीच्या परीक्षेत 5 पैकी 5 मिळाले. विद्यापीठाने क्रेडिट दिलं, पहिल्या वर्षाचं बायोलॉजी माफ झालं, घरात पेढे वाटले. पण विद्यापीठाने क्रेडिट देणं वेगळं आणि मेडिकल स्कूलने ते मानणं वेगळं. काही स्कूल एपी मानतात, काही मुळीच मानत नाहीत, तर काही म्हणतात, त्याच विषयातला वरचा कोर्स करून दाखवा. म्हणून वाचलेल्या वेळात तिने जेनेटिक्स घेतलं. मला हेच शहाणपणाचं वाटतं.

दुसरा रस्ता कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजचा. त्याचं नाव काढलं की आपली मंडळी नाक मुरडतात, याचं मला फार वाईट वाटतं. कॅलिफोर्नियात तिथल्या रहिवाशांना एका सेमिस्टर युनिटला (कोर्सचा भार युनिटमध्ये मोजतात) 46 डॉलर फी पडते, म्हणजे पाच युनिटची ऑरगॅनिक केमिस्ट्री 230 डॉलरमध्ये! भाचीने ती संध्याकाळच्या वर्गात केली. शेजारच्या टेबलावर दिवसभर हॉस्पिटलात राबून आलेली, दोन मुलांची आई. एका प्रयोगात त्यांनी चहापत्तीतून कॅफिन काढलं: चहा उकळायचा, द्रावकात घुसळायचा, नरसाळ्यातून खालचा थर हलकेच सोडून घ्यायचा, द्रावक उडून गेला की काचेच्या तळाशी पांढरट पूड उरते. प्राध्यापक स्वतः टेबलापाशी येऊन प्रत्येकीचा हात कसा चालतो ते बघत होते. याला दुय्यम शिक्षण कसं म्हणायचं?

तरी सगळेच विषय तिथे उरकू नयेत. हेच कोर्स चार वर्षांच्या कॉलेजात केलेले बरे, असं मानणाऱ्या स्कूल आहेत, आणि बायोकेमिस्ट्रीसारखे वरचे कोर्स कम्युनिटी कॉलेजात सहसा नसतातच. शिवाय तिथले ग्रेड पुसले जात नाहीत. एमकास या सामायिक अर्जात प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका द्यावी लागते, अगदी शाळेत असताना केलेल्या कॉलेज-कोर्सचीही. नापास होऊन पुन्हा दिलेला विषय दोन्ही वेळा सरासरीत धरतात.

आपल्याकडून बीएस्सी करून इथे आलेल्यांनी तर आधीच चौकशी करावी. परदेशात केलेले विषय बऱ्याच स्कूल मानत नाहीत. ते इथे पुन्हा करायचे झाले तर कम्युनिटी कॉलेजच परवडतं. आणि स्टुडंट व्हिसावर असाल तर परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या स्कूल मुळात मोजक्याच आहेत.

एएएमसी या मेडिकल स्कूलांच्या संघटनेच्या ‘एमएसएआर’ या ऑनलाइन यादीत प्रत्येक स्कूलच्या अटी असतात. अर्जाच्या वर्षापर्यंत थांबू नका, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी त्या वाचा. शंका उरलीच तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.