काढ्याच्या चोथ्यात काय उरते?

काढा गाळून झाला की कापडात उरलेल्या चोथ्याकडे कारखान्यात कोणी वळूनही पाहत नाही. तो गोणीत भरला जातो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. मुंबई-ठाणे परिसरातील लहान आयुर्वेदिक उत्पादकांसाठी मी वनस्पतींच्या अर्कांची तपासणी करते. या कामातून माझे ठाम मत झाले आहे की, त्यात काय शिल्लक आहे हे पाहिल्याशिवाय चोथा टाकून देणे म्हणजे औषधी द्रव्याची उधळपट्टी आहे.

मिरीचेच पाहा. मिरीला तिखटपणा देणारे पायपरिन साधारण तापमानाच्या 1 लिटर पाण्यात जेमतेम 40 मिलिग्रॅम विरघळते. मिरीत 5 टक्के पायपरिन धरले तर 1 किलो मिरीत ते 50 ग्रॅम असते, आणि पारंपरिक प्रमाणाप्रमाणे सोळा पट पाणी घालून आठव्या हिश्शापर्यंत आटवले तर हाती येणारा काढा अवघा 2 लिटर भरतो. उकळत्या पाण्यात ते थोडे अधिक विरघळते आणि तरंगत्या कणांबरोबर आणखी काही उतरते, हे मान्य केले तरी बहुतेक पायपरिन चोथ्यातच राहते. म्हणजे त्रिकटूच्या काढ्याचा चोथा फेकताना आपण सुंठ, मिरी आणि पिंपळी या तिन्ही द्रव्यांचा पाण्यात न उतरणारा ऐवज फेकत असतो.

हळदीच्या बाबतीत तर हे डोळ्यांना दिसते. उकळून गाळलेल्या हळदीचा चोथा वाळवून, कुटून अल्कोहोलमध्ये टाकला की काही क्षणांतच ते गर्द पिवळे होते. त्याचा थेंब सिलिकाच्या पट्टीवर ठेवून ती क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात उभी केली की हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे एकाखाली एक अशा तीन पिवळ्या ठिपक्यांच्या रूपाने वेगळी होतात आणि अतिनील दिव्याखाली चमकतात. उकळून निःसत्त्व झाली असे ज्या हळदीबद्दल आपण गृहीत धरतो, तिच्यात हे तिन्ही ठिपके स्पष्ट दिसतात. हिरडा आणि आवळा यांचे मात्र तसे नाही. त्यांचा तुरट ऐवज पाण्यात चांगला उतरतो, त्यामुळे त्यांच्या चोथ्यामागे फार खर्च करावा असे मला वाटत नाही.

यंत्रांची चर्चा पुष्कळ होते. 31 अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे 74 बार दाब यांच्या पलीकडे नेलेल्या कार्बन डायऑक्साइडने तेलकट घटक सुरेख निघतात, पण ती यंत्रणा लहान कारखान्याच्या आवाक्यातली नाही. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतील डॉ. विलास गायकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2002 मध्ये मिरीतून पायपरिन काढण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती मला अधिक मोलाची वाटते. पाण्यात विशिष्ट क्षार विरघळवले की एरवी पाण्याला दाद न देणारे पायपरिन त्यात उतरते, आणि नंतर नुसते पाणी वाढवले की ते पुन्हा घनरूपात खाली बसते. ज्यांना हेही शक्य नाही, त्यांनी अल्कोहोल एकदम न ओतता तेवढेच तीन वाट्यांत विभागून तीनदा वापरावे. उतारा, म्हणजे द्रावकात उतरणारा अंश, निश्चित वाढतो. अर्थात त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आणि द्रावक परत मिळवण्याची सोय आधी हवी.

परंतु खरी अडचण यंत्राची नाही, पहिल्या काही तासांची आहे. उकळलेला चोथा पाण्याने फुगलेला आणि कोमट असतो, आणि मुंबईच्या जुलैमधल्या दमट हवेत तो गोणीत दाबून ठेवला तर दुसऱ्या दिवशीच आंबूस वास येऊ लागतो. त्यानंतर बुरशी धरते, आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे तिच्यातून तयार होणाऱ्या विषाची, भीती येते. अशा चोथ्यातून काढलेल्या अर्कात कर्क्युमिन कितीही असले तरी तो औषधात वापरण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणून काढा गाळला की लगेच चोथा पिळून, पातळ पसरून, ड्रायरमध्ये घालायला हवा. दशमूळासारख्या मिश्र काढ्याचा चोथा मी या कामासाठी घेऊच नये असे सांगते, कारण दहा वनस्पतींच्या गाळातून निघालेल्या अर्काचे प्रमाणीकरण करणे जवळजवळ अशक्य आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र तडजोड नको. सत्त्व काढून घेतलेली लवंग किंवा सुंठ दळून पुन्हा चूर्णात मिसळणे ही जुनी भेसळ आहे, आणि चोथ्याला किंमत आली की तो मोह वाढणार. पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये उतरणाऱ्या अंशाची चाचणी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, आहे ती अशीच लबाडी पकडण्यासाठीही उपयोगी पडते. चोथ्याच्या प्रत्येक पिंपावर वनस्पतीचे नाव, काढ्याचा बॅच क्रमांक आणि वाळवल्याची तारीख असावी, आणि त्यातून निघालेला अर्क चोथ्यापासून बनवलेला आहे असे लेबलवर स्पष्ट लिहूनच तो विकावा. चाचणीत अल्कोहोलचा उतारा नगण्य आला, तर त्या पिंपाचे सरळ खत करावे.