खिळा ठोकायचा नाही

नोव्हेंबर लागला की आमच्या बँकेच्या ठाण्यातल्या नौपाडा शाखेत सकाळी साडेनऊलाच जिन्यापर्यंत रांग असते. हयातीचे दाखले. म्हातारी माणसं फायली कवटाळून उभी असतात आणि आपण जिवंत आहोत हे आम्हाला पटवून देतात. 31 वर्षांच्या नोकरीतली शेवटची काही वर्षं मी पेन्शनच्या टेबलावर आहे. हे काम मला आवडतं, पण नोव्हेंबरात नाही.

ही गोष्ट 2023 च्या नोव्हेंबरमधली. साडेअकराच्या सुमाराला बाजूच्या टेबलावर जरा गलका झाला. आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा एका आजोबांना मशीनवर बोट ठेवायला सांगत होता, आणि बोट म्हणावं असं त्या हाताला काही नव्हतं. मग त्याने मोबाइल काढला. चेहरा दाखवूनही दाखला होतो, 2021 पासून ती सोय आहे. त्यात अॅप डोळे मिचकवायला सांगतं. "काका, मिचकवा ना. अहो, एकदाच." आजोबा टक लावून बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पापणी काही मिटत नव्हती. मागे रांगेत कोणीतरी हसलं, दोघं-तिघं दोन पावलं मागे सरकले.

मला त्या पापणीवरूनच कळलं. कुष्ठरोगाने चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही. हे मला बँकेने नाही शिकवलं.

"त्यांना इकडे पाठव," म्हटलं.

आजोबा सरकारी रोपवाटिकेत माळी होते. राज्य सरकारच्या निवृत्तांची छापील यादी कोषागारातून आमच्याकडे येते. नावापुढे सही केली किंवा अंगठा उठवला की काम झालं, मशीन लागतच नाही. हाताचा अंगठा नसेल तर पायाचा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. नियम जुना आहे, पण नव्या पोरांना ठाऊक नसतो. आजोबांच्या खात्यावरच्या नमुन्यातही पायाचाच ठसा होता.

मी शाईचं पॅड घेऊन खाली बसले. त्यांनी सँडलचा मागचा पट्टा मनगटाने सोडवला आणि मी ती सँडल हातात घेऊन बघतच राहिले. आत काळा मऊ रबर, अंगठ्याच्या बुडाशी थोडा खोलगट केलेला. टाचेमागे पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल कधी निसटली ते कळत नाही. शिलाई आणि चिकटवण, खिळा एकही नाही. बधिर पायात खिळा घुसला तर माणूस दिवसभर तसाच चालतो, संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसतो तेव्हा कळतं.

"ही कुठे मिळाली, आजोबा?"

"स्टेशनजवळचा मोची करतो. मापाचा कागद आहे माझ्याकडं."

दुधाच्या पिशवीतून त्यांनी घडी पडून पडून चिरलेला एक खाकी कागद काढला. पेन्सिलीने आखलेले दोन पाय. खाली लिहिलेलं: 'डावा. टाचेला पट्टा. खिळा ठोकायचा नाही.'

त्यातला 'ळ' मी ओळखला. दोन शून्यं शेजारी ठेवून मध्ये गाठ मारावी तसा. माझ्या शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर तो होता.

पप्पा वडाळ्याच्या अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयात चपला करायचे. हे रुग्णालय 1890 चं. ज्यांच्या नावाने ते आहे ते अॅक्वर्थ मुंबई पालिकेचे आयुक्त होते आणि मराठी पोवाडे जमवायचे. पप्पांना या गोष्टीचं फार कौतुक, पाहुण्यांना हटकून सांगायचे. आमचं मूळ नगरचं, मिशनमध्ये शिकलेलं घराणं. आत्या तोंडावर म्हणायची, "दोन पिढ्या शिकल्या आणि तू परत चपलाच शिवतोस?" पप्पा म्हणायचे, "माप घ्यायला शिक्षण लागतं, बाई."

रविवारी सेंट जेम्सची उपासना संपली (तलावपाळीवरचं चर्च नव्हे, ते कॅथलिकांचं) की ते ड्रेसिंगची पिशवी घेऊन कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जायचे. परतायला चार वाजायचे. मोरीत वेगळा साबण, वेगळा टॉवेल, आणि फिनेलचा वास. तलावपाळीवर बोटीत बसायचं हे मला पप्पांनी सात-आठ वेळा तरी कबूल केलं होतं. एकदाही बसलो नाही. शाळेत कोणी विचारलं तर मी 'हॉस्पिटलात आहेत' एवढंच सांगायचे. मैत्रिणी त्यांना कंपाउंडर समजायच्या, मी समजू द्यायचे. 2011 मध्ये ते प्रभूघरी गेले तेव्हा दफनविधीत पाळकसाहेबांनी योहानाचा तेरावा अध्याय वाचला, शिष्यांचे पाय धुण्याचा. सगळे रडत होते. मला मात्र रागच आला होता. मनात म्हटलं, घरीही चार पाय होते की.

"हे अक्षर माझ्या वडिलांचं आहे," मी म्हटलं. अजून जमिनीवरच बसले होते.

आजोबांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "चपलेवाल्या भाऊंची पोर? कॉलेजला गेलेली?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"तुझ्या फीचे पैसे माझ्याकडून नेले की त्यांनी."

मला काही कळेना. पप्पा कधी कोणाकडून उसने घ्यायचे नाहीत, निदान आमची तशी समजूत होती.

"दवाखान्यातून बरं होऊन कामाला लागलो होतो मी. गोळ्या संपल्या, सर्टिफिकेट मिळालं. पण किराणावाला नोट हातात घेईना. पेपर पसरायचा अन् म्हणायचा, त्याच्यावर टाक. ते भाऊंना सांगितलं. ते काहीच नाही बोलले. पुढच्या रविवारी आले, म्हणाले, तीनशे रुपये दे, पोरीची अॅडमिशन आहे, कमी पडतायत." आजोबा थांबले. "म्या दिले. त्यांनी हातात घेतले अन् माझ्यासमोर थुंकी लावून मोजले. तीनदा."

1989 साल. बारावीनंतरचा माझा प्रवेश. पप्पांची ती थुंकी लावून नोटा मोजायची सवय मला कायम किळसवाणी वाटायची; बँकेत लागल्यावर तर मी त्यांना ओल्या स्पंजची डबी आणून दिली होती. तीनशे खरंच कमी पडत होते का, हे आई असती तर तिला विचारलं असतं.

"परत दिले का त्यांनी?"

"देतील नाही तर? महिन्याला पंचवीस. बारा हप्ते. एकदा उशीर झाला तर मीच मागितले." आणि ते हसले. हसताना चेहऱ्याची एकच बाजू हलली. "मी कोणाकडं पैसे मागायचे, हे काय कमी होतं का?"

मागून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, अहो, लंच होईल आता." बरोबर होतं त्यांचं. मी अंगठ्याला शाई लावली, यादीवर टेकवला. ठसा स्वच्छ उठला. स्पिरिटच्या बोळ्याने शाई पुसली, बोटांच्या बेचक्यात पाहिलं, जखम नव्हती. पट्टा लावून दिला. पहिली साक्षीदार म्हणून मी सही केली, दुसरी आमच्या जुन्या शिपायाने केली.

आजोबा निघाले नाहीत. कागद पुढे करून म्हणाले, "पोरी, हा आता फाटत चाललाय. मशीनवर काढून देशील का?"

खाजगी झेरॉक्सला आमच्याकडे मनाई आहे. मी आत जाऊन कागद काचेवर नीट पसरला, चिरलेली घडी बोटाने जुळवून धरली. मूळ कागद त्यांना परत दिला, एक प्रत दिली. दुसरी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तिच्यावर कडेला माझी दोन बोटं आली आहेत.

रजिस्टरमध्ये लिहिलं: प्रती 2, पेन्शन विभाग.